कुणालाही न रेटणारी पेटी

"मग मागे कोण सरकलं?" केवलगिरी गोसाव्यांनी विचारलं.

"कुणीच नाही, महाराज. तीच तर गंमत आहे."

उद्धव मिरीकर पुण्यात पदार्थविज्ञान शिकवायचा. शाळकरी वयात दोन वर्षं तो या डोंगरावरच्या मठीत राहिला होता, म्हणून आजही गोसाव्यांसमोर खाली घोंगडीवर बसायचा. त्याच्या विनयाचा साठा तेवढाच होता. सहा वर्षं खपून त्याने जेवणाच्या डब्याएवढी एक तांब्याची पेटी बनवली होती. उद्या ती जगापुढे मांडायची होती. आज आशीर्वाद घ्यायला तो डोंगर चढून आला होता.

"वल्हं पाणी मागे लोटतं, म्हणून होडी पुढे जाते. रॉकेट जाळ मागे फेकतं. ही काहीच फेकत नाही. आत लहरी कोंडल्यात, बस्स. तरी पुढे जाते."

त्याने खटका दाबला. पेटी गुणगुणू लागली आणि मुंगीच्या चालीने गोसाव्यांकडे सरकली.

ओसरीवर भर दुपार होती. वारा पडलेला.

"एकाने पुढे जायचं तर दुसऱ्याने मागे जावं लागतं. हा नियम तूच मला सांगितला होतास."

"संवेगाचा नियम. त्यालाही वाट आहे, महाराज. काहीजण म्हणतात, पोकळी पुरती रिकामी नसते, तिलाच रेटा देता येतो. काही म्हणतात, प्रत्येक वस्तू दूरदूरच्या सगळ्या ताऱ्यांशी बांधलेली असते, रेटा त्यांना बसतो. एवढ्या सगळ्यांत वाटला गेला की नगण्य."

"सिद्ध झालंय?"

"होईल."

"ताऱ्यांना विचारलंस?"

उद्धव मोठ्याने हसला.

"जरा पुढे सरक. ऐकू येत नाही."

म्हाताऱ्याचे कान गेले वाटतं, असं मनाशी म्हणत तो पुढे सरकला.

"खरं सांगू, महाराज? मी आयुष्यात कुणाला रेटून पुढे गेलो नाही. कुणाला बाजूला सारून जागा मिळवली नाही. म्हणूनच हे मला सुचलं."

"प्रयोग कुठे केलास?"

"तळघरात. टेबल दगडी खांबावर. पेटीभोवतीची हवा काढून टाकलेली. पेटी, तारा, तराजू... सगळं पक्कं बांधलेलं. केसभर मागे हललं असतं तरी कळलं असतं."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू कशाला बांधलेला होतास?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि स्वतःला विचारायचं कारणच नव्हतं.

"पुढे सरक..."

"आत्ताच सरकलो की!"

केवलगिरींनी धुनीतली चिमूटभर राख घेतली. वाकून त्याच्या गुडघ्यांना लागून जमिनीवर रेघ ओढली.

"हात मांडीवर ठेव. हलू नकोस."

पेटी गुणगुणत होती. उद्धव हलला नाही. श्वाससुद्धा त्याने बेताने घेतला.

रेघ आणि गुडघा यांच्यामध्ये बोटभर फट पडली. मग चार बोटं. मग वीतभर. घोंगडीवर एक सुरकुती नव्हती.



"घरी कोण असतं?" गोसाव्यांनी विचारलं.

"बायको... आणि चारू. मुलगी. आठ वर्षांची."

"ती हाक कशी मारते?"

वर्षभरापासून चारू त्याला ओरडून हाक मारायची. जेवताना शेजारी बसूनसुद्धा, नदीपलीकडच्या माणसाला मारावी तशी. बायको म्हणायची, असता कुठे हो तुम्ही? बायकांची ती बोलायची रीतच असते म्हणून त्याने सोडून दिलं होतं. परवा चारूने त्याच्याकडे हात पसरले, मध्येच थांबली, आणि आईकडे गेली. तेव्हा त्याला राग आला होता. आता रडू आलं.

त्याने झेपावून खटका दाबला. पेटी गप्प झाली.

रेघ लांब जातच राहिली.

"बंद केली, महाराज! मी बंद केली!"

"बंद केल्यावर गती थांबते, असं शिकवतोस पोरांना?"

त्याने उठून पाय रोवले. पायांखालून जमीन निसटत होती. शेजारी ओसरीचा खांब होता, हाताच्या अंतरावर. त्याने हात टाकला. हात पोहोचला नाही.

"खांबाला काय पडलंय तुझं?" केवलगिरी म्हणाले. त्यांचा आवाज आता दुरून येत होता.

ओसरीला त्याच्या पाठीमागच्या बाजूने कठडा नव्हता. तिथे मठी संपत होती आणि दरी सुरू होत होती. उद्धव पाठमोरा तिकडेच चालला होता, एक पाऊलही न उचलता.

"मी जातोय, महाराज... तिला एकदा तरी जवळ घ्यायचं होतं हो मला..."

केवलगिरी उठले. सावकाश चालत त्याला वळसा घालून गेले आणि ओसरीच्या अगदी काठावर, दरीकडे पाठ करून उभे राहिले. उद्धव वळला. त्याने चाचपडत हात पुढे केला. या वेळी तो पोहोचला. म्हाताऱ्याची छाती कोमट होती, आणि आत काहीतरी शांतपणे ठोके देत होतं.

"रेट मला," केवलगिरी म्हणाले.

"मी... मी थांबेन. पण तुम्ही?"

"नियम तुझाच आहे."

"मी कधी कुणाला रेटलं नाही, महाराज!"

"ठाऊक आहे."

"तुमच्या मागे दरी आहे..."

गोसाव्यांनी मागे पाहिलं नाही. त्याचे दोन्ही तळवे आपल्या छातीवर नीट ठेवून घेतले.

"मागचं माझं मी बघतो. पोर हाका मारून दमली असेल... रेट."