पहिल्याच दिवशी सिस्टर

घाटाखालच्या एका गावात एक शिंपी राहत असे. कुंदा ही त्याची मुलगी, समजूतदार आणि कामाला वाघ. तालुक्याला राहून ती इस्पितळातल्या मदतनीसाचं काम शिकली. आजाऱ्याचं अंग पुसणं, कूस बदलणं, ताप बघणं, घास भरवणं, हे सारं तिला उत्तम येई. सुई आणि सलाईन हे मात्र नर्सचं काम. ते तिला शिकवलेलं नव्हतं.

शिक्षण संपलं आणि दोन ठिकाणांहून बोलावणं आलं.

आधी ती धर्मादाय रुग्णालयात गेली. तिथल्या मोठ्या सिस्टर वत्सलाबाई फटकळ होत्या. म्हणाल्या, "इथे म्हाताऱ्यांना भांडं द्यायचं, ते धुवायचं. मी शेजारी उभी असल्याशिवाय सलाईनच्या नळीला बोट लावायचं नाही. चुकलीस तर चारचौघांत बोलेन. जमत असेल तर ये."

कुंदाचं तोंड उतरलं. तिथून ती डॉक्टर देवकुळ्यांच्या नव्या इस्पितळात गेली. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मदतनीस कशाला? आजपासून तू आमची सिस्टर!"

"पण डॉक्टरसाहेब, मला सलाईनमधलं काही कळत नाही."

"पाण्यात पडलं की पोहता येतं," डॉक्टर हसून म्हणाले.

शिकलेली नर्स ठेवली तर ती पगार पुरा मागते आणि वर प्रश्न विचारते, हे काही डॉक्टर बोलले नाहीत.

पांढरा कडक गणवेश आणि छातीवर 'सिस्टर' अशी पट्टी लावून कुंदा घरी आली. आई हरखली. "भांडी धुवायला का शिकवलं होतं तुला?" म्हणाली. बापाने आळीत पेढे वाटले. तिथे तुला शिकवणार कोण, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी सुई कशी टोचायची, बाटली कशी बदलायची ते घाईघाईत दाखवलं. कुंदाचा हात बसला. लोक वाटेत थांबून तिला आपली दुखणी सांगू लागले. तिलाही ते गोड वाटू लागलं. मग डॉक्टर दुपारचे आपल्या दुसऱ्या दवाखान्यात जाऊ लागले आणि इस्पितळ तिच्यावर पडलं.

अशाच एका दुपारी हौसाक्का कासारीण तापाने आणि जुलाबाने गळून आली. गावातल्या लेकीसुनांचे हात तिनेच बांगड्यांनी भरलेले. म्हातारीचं काळीज आधीपासून कमजोर होतं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, "संपलं की दुसरी बाटली लाव," म्हणाले आणि निघून गेले.

उन्हं कलता कलता म्हातारीला धाप लागली. "कुंदे, छातीवर कुणी बसल्यासारखं होतंय गं."

कुंदाने डॉक्टरांना फोन लावला.

"अशक्तपणा आहे तो. सलाईन चालू ठेव," डॉक्टर वैतागले. "आणि एवढ्या-तेवढ्याला फोन कसला? सिस्टर आहेस ना तू?"

ती शरमली. आक्काचा मुलगा बाबू दाराशी उभा होता. "काही घाबरायचं नाही ना?" त्याने विचारलं. मला कळत नाही, हे शब्द कुंदाच्या ओठांपर्यंत आले. पण सिस्टरने असं कसं म्हणायचं? "काही नाही, दादा," ती म्हणाली.

कमजोर काळजाला एवढं पाणी पेलत नाही, नळी बंद करावी, आक्काला उठवून बसवावं, मोठ्या रुग्णालयात हलवावं, हे जाणत्या नर्सला सुचलं असतं. कुंदाला फक्त बाटली बदलता येत होती. तिने ती बदलली.

दिवेलागणीच्या आत हौसाक्का गेली.

डॉक्टर धावत आले. बाबूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय सांगू! मी नसताना या मुलीने मनानेच दुसरी बाटली लावली. साधी मदतनीस ही. सलाईनला हात लावायचा हिला अधिकारच नाही."

कुंदाने बाटली मनाने लावली हे खोटं होतं, पण तिला अधिकार नव्हता हे अक्षर न् अक्षर खरं होतं.

बाबूने शिवी दिली नाही की हात उगारला नाही. तो एवढंच म्हणाला, "कळत नव्हतं तर तसं सांगायचं होतंस, पोरी. मी आईला पाठुंगळी घेऊन दुसरीकडे नेली असती."

डॉक्टरांचं इस्पितळ पुढे नीट चाललं. कुंदाला मात्र कुणी दारात उभं केलं नाही. आता ती बापाशेजारी बसून पोलक्यांना काज करते. परवा शेजारची म्हातारी अंगणात घसरून पडली. लोकांनी कुंदाला हाका मारल्या. ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि आतून कडी लावून घेतली.

तात्पर्य: न शिकलेल्या कामाचा मान जो फुकट देतो, तो आपली जोखीम दुसऱ्याच्या माथी मारत असतो. पहिली नोकरी धरताना आपल्याला कोण मिरवतं ते पाहू नये, चुकण्याआधी आपला हात कोण धरील ते पाहावं.