सगुणाचा थकवा

फार जुन्या काळी नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहत होता. त्याच्या हातचा लाल रंग थेट राजवाड्यापर्यंत नावाजलेला. बायको लवकर वारली होती. घरात तो आणि त्याची मुलगी सगुणा, दोघंच.

लहानपणी सगुणाने कधी हट्ट केला नाही. इतर मुलं अंगणात धुडगूस घालत, तेव्हा ही उंबऱ्याशी गप्प बसून राही. ताटातला घास ताटातच राही. रंगारी मात्र कौतुकाने सांगे, "आमची पोर मोठी शहाणी. तिचा त्रास म्हणून नाही."

सगुणा वयात आली आणि तिचं अंग चालेनासं झालं. रात्रभर झोपूनही सकाळी ती दमलेलीच उठे. घागर उचलताना हात कापत. रंगाऱ्याला वाटलं, पोर कामचुकार झाली.

एकदा सणाच्या तोंडावर दारात गिऱ्हाइकं जमली होती. सगुणा खांबाला टेकून बसली होती. सगळ्यांसमोर रंगारी म्हणाला, "बघा आमच्या राणीसाहेब! या वयात मी दिवसभर कढया ढवळायचो. हिला नुसतं बसायला हवं."

लोक हसले. ओल्या कापडाचा पिळा खांद्यावर टाकून सगुणा नदीवर गेली, आणि धुता धुता भोवळ येऊन पाण्यात पडली. घाटावरच्या बायकांनी ओढून बाहेर काढलं, म्हणून वाचली.

गावचे म्हातारे वैद्य आले. नाडी पाहून त्यांनी विचारलं, "हा थकवा कधीपासून?"

"यंदाच्या उन्हाळ्यापासून," रंगारी म्हणाला.

"नाही बाबा," सगुणा हळूच म्हणाली. "खूप आधीपासून. लहान होते तेव्हा नुसतं मन जड असायचं. कशातच जीव रमायचा नाही. मग ते अंगात उतरलं."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लेकरांना कसलं आलंय दुःख? जा, खेळ जा."

रंगाऱ्याला ते आठवलं. आपण तेव्हा हसलो होतो, हेही आठवलं. वैद्यांकडे बघायचा त्याला धीर होईना.

"हा आळस नव्हे," वैद्य म्हणाले. "मनाचं दुखणं फार काळ साचलं, की कधीकधी शरीरही थकतं. औषध देतो. ते सावकाश लागू पडेल. तिला घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं आली, तेव्हा रंगारी खाली मान घालून म्हणाला, "काल मी पोरीला नावं ठेवली. ती आजारी आहे. चूक माझी."

"अहो, पोरं ढोंगं करतात," एक जण म्हणाला.

काल आपणही असंच बोललो होतो! रंगाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगुणा लगेच बरी झाली नाही. कधी उठून कामाला लागे, कधी दिवसभर अंथरुणात पडून राही. तशा दिवशी रंगारी कढईखालचा जाळ विझवून तिच्याजवळ बसे. ती बोलली तर ऐके; नाही बोलली, तरी उठून जात नसे. हळूहळू ती सावरली, हसू लागली. पण तिचं बालपण काही परत आलं नाही, आणि कुणी "पोर मोठी शहाणी" म्हटलं, की रंगाऱ्याची मान अखेरपर्यंत खालीच जाई.

लहानांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: लेकराचं दुःख लहान समजून हसण्यावारी नेलं, तर ते त्याच्या अंगात मुक्काम करतं.