निर्दोष हवेलीचं गिऱ्हाईक

"माझी हवेली विकून दाखव! पण तिचा एकही दोष तुझ्या तोंडून निघता कामा नये, आणि एकही दोष गिऱ्हाइकापासून लपता कामा नये!"

चिंचगडच्या रणधीरराजांनी असा हुकूम सोडला आणि भिवा कुंभार मटकन खालीच बसला. हुकूम त्याच्या लेकीला, हौसाला होता. येत्या बाजारापर्यंत जमलं नाही, तर भिवाचं घर आणि चाक दोन्ही जप्त!

आता हे झालं कसं? राजांचाच कायदा होता, की घर विकायचं तर मालकानं चावडीवर उभं राहून घराचे सगळे दोष गिऱ्हाइकाला सांगायचे. ओल असो, वाळवी असो, शेजारी भांडखोर असो! कायदा झकास. लोकही पाळत. मग राजांनी स्वतःची तळ्याकाठची जुनी हवेली विकायला काढली आणि दवंडी पिटवली, "निर्दोष हवेली!" ते ऐकून हौसा फिसकन हसली. म्हणाली, "निर्दोष? अगंबाई! देवाचं देऊळसुद्धा पावसात गळतं!" भिंतीला कान असतात, राजवाड्याच्या भिंतीला जरा जास्तच. झालं, राजे हट्टाला पेटले.

"पोरी, तुझ्या जिभेला हाड नाही!" भिवा कपाळ बडवत म्हणाला. "दोष सांगितला तर राजाची बदनामी, लपवला तर कायदा मोडला. इकडे आड, तिकडे विहीर!"

"आबा, कायद्यानं दोष कुणी सांगायचे?"

"मालकानं."

"मग झालं तर!" हौसानं पदर खोचला आणि ती निघाली थेट राणीसाहेबांच्या भावाकडे.

हे गुलाबराव. दिवाळीला पाहुणे म्हणून यायचे आणि होळीची पुरणपोळी खाऊनच हलायचे. राजे बिचारे काय बोलणार? बायकोचा भाऊ पडला ना! हौसानं त्यांना नुसती राजांची दवंडी ऐकवली. पदरचं एक अक्षर घातलं नाही.

बाजाराच्या दिवशी चावडी माणसांनी फुलली. राजे मिशीला पीळ देत बसले होते. तेवढ्यात गुलाबराव पुढे झाले.

"दाजीसाहेब, हवेली मी घेतली! उद्याच बायकामुलं, सासूसासरे घेऊन कायमचा राहायला येतो!"

राजांचा हात मिशीवरच थांबला. "अहो मेव्हणे, कशाला उगाच? तिथं खाली ओल फार आहे. भिंतींना पाझर फुटतो."

"आम्ही वरच्या मजल्यावर झोपू!"

"शेजारी तांबट आहेत! भल्या पहाटे ठाकठूक सुरू!"

"मला कुठं पहाटे जाग येते!"

"विहीर मचूळ आहे हो! पाणी तोंडात धरवत नाही!"

"मग जेवायला राजवाड्यावरच येऊ की! दोन्ही वेळा!"

राजे ताडकन उठले. "अहो, वरचे सगळे वासे वाळवीनं खाल्लेत! नुसते घोरलात तरी छप्पर अंगावर येईल!"

गुलाबराव भराभर मागे सरले. "मग राहू द्या, दाजीसाहेब. सर सलामत तो पगडी पचास!"

तेव्हा गर्दीतून गावातला मोठा विणकर, धोंडू कोष्टी, पुढे आला. "महाराज, मला द्या हवेली. खाली ओल असली की मागावरचं सूत तुटत नाही. ठाकठूक तर माझे मागच दिवसभर करतात. पाणी तळ्याचं भरीन, वासे बदलून घेईन. वाशांचा खर्च तेवढा किमतीतून वजा करा."

सौदा ठरला, विडे वाटले, आणि मग राजे भानावर आले. "हौसा! अगं, दोष तर सगळे बाहेर आले!"

"आले खरे, पण माझ्या तोंडून एक तरी निघाला का? विचारा चावडीला! मालकानं सांगायचे, मालकानं सांगितले. तेही अगदी कळवळून!"

चावडीत हशा पिकला. राजांच्याही मिशा थरथरू लागल्या. "हरलो बाई! माग, काय हवं ते."

"तळ्याची माती, महाराज. आबांना मडक्यांना लागेल तेवढी."

"दिली! तुमच्या पुढच्या पिढ्यांनाही दिली!"

इतक्यात मागून गुलाबरावांचा आवाज आला, "दाजीसाहेब, हवेली गेली तर गेली. मी आता राजवाड्यातच कायमचा राहतो!"

राजांनी खाली वाकून हळूच विचारलं, "पोरी, आता गं?"

"आता काय, महाराज! राजवाड्याचे दोष आठवायला घ्या!"

राजे पोट धरून हसले. हसता हसता फेटा सुटला, तो सावरत ते वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "मेव्हणे, आमच्या राजवाड्यात ना... उंदीर फार!"