बिनपाठीचा अंगरखा

हैबतराव जहागीरदारांनी सरकारी खर्चाने घाटाखाली वाटसरूंसाठी दुमजली धर्मशाळा बांधली म्हणे. ती पाहायला महाराज आणि राणी सगुणाबाई निघाले, तर हैबतरावांनी पालख्या नदीच्या अलीकडेच थांबवल्या.

"पलीकडे चिखल फार. इथूनच पाहावं."

महाराज खूश झाले. राणीसाहेबांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एवढी मोठी धर्मशाळा, आणि दारात ना बैलगाडी, ना चुलीचा धूर? तेवढ्यात सूर्य कलला आणि वरच्या खिडक्यांतून मागचं तांबडं आभाळ आरपार दिसलं. म्हणजे मागे ना भिंत, ना वर छप्पर!

परतताच त्यांनी शिंप्याला बोलावणं धाडलं.

पुढच्या दरबारात हैबतरावांनी बक्षीस म्हणून आणखी एक गाव मागितलं. राणीसाहेब म्हणाल्या, "आधी हा मानाचा अंगरखा घाला."

मान नाकारायचा कसा? हैबतरावांनी स्वतःचा अंगरखा उतरवून तो चढवला आणि ते चपापले. पुढून भरजरी, मागून उघडे!

"राणीसाहेब, याला पाठच नाही!"

"महाराजांना पाठ दाखवायची नाही, हा दरबारचा रिवाज. मग हवी कशाला?"

बिचारे मुजरा करत उलट्या पावलांनी दाराकडे सरकले. दारातले भालदार एकदम खो खो हसत सुटले.

"काय झालं या भालदारांना?" महाराजांनी विचारलं.

"काही नाही," राणीसाहेब म्हणाल्या, "ते धर्मशाळेच्या मागच्या बाजूला उभे आहेत."