पिंगीची दुसरी वेल

त्या राज्याच्या मधोमध एक खोल दरी होती आणि ती ओलांडायची तर वेलीवरूनच ओलांडावी लागे. कामाच्या मुळ्या, रसाळ फळं आणि हिवाळ्यातही उबदार राहणाऱ्या गुहा, सगळं पलीकडे. राहणारे मात्र बहुतेक अलीकडचे. ही वाटणी कोणी केली, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

वेली जिवंत होत्या. अंगावरून ये-जा होत राहिली की त्यांच्यात रस चढे. महिनोन्महिने कोणी फिरकलं नाही की त्या आतून वाळत आणि न झेपणारं ओझं आलं की त्यांची साल फाटे. त्यांची देखभाल एका म्हाताऱ्या वानराकडे होती. त्याला सगळे वेलकरी म्हणत. कड्याची सावली दरीतल्या पाण्याला टेकायच्या आत जो परत येई, त्याच्या वेलीला वेलकरी सालीच्या धाग्याची एक गाठ मारी. जाण्याची गाठ नसे. जायला काय, सगळेच जातात.

पिंगी ही मुंगसाची तरुण लेक घोरपडीकडे मुळ्यांची विद्या शिकत होती. रोज ती पलीकडे जाई, मुळ्या हुंगून निवडी आणि वेळेत परत येई. तिच्या वेलीवर गाठी दाट झाल्या होत्या. दुसरी वेल तिला फुकट मिळाली. शिकणारी पोरं जिथे जमत, तिथे एक कोल्हा वेलींची रोपं घेऊन बसलेला असे. "घेऊन ठेव गं, लागेल कधीतरी," असं तो इतक्या मायेने म्हणे, की नको म्हणणाऱ्यालाच संकोच वाटावा. पिंगीने रोप घेतलं, कड्यावर लावलं, वेल वाढून पलीकडे पोचली. पिंगीने मात्र तिच्यावर पाऊल ठेवलं नाही. जिच्यावरून गेलोच नाही, तिच्यावर आपली चूक तरी कशी होणार, असा तिचा हिशेब. आठवड्यातून एकदा ती वेल पुसून लख्ख ठेवी आणि मनातून स्वतःवर बेहद्द खूश असे.

पिंगीची आई अलीकडच्या सावलीत, ओलसर बिळात राहत होती. त्या वर्षी थंडी लवकर उतरली. आईचे डोळे सारखे पाझरू लागले, तेव्हा तिला पलीकडच्या गुहेत न्यायचं पिंगीने ठरवलं. पण दोघींचा भार एका वेलीला पेलणारा नव्हता. अशा वेळी आपल्या दोन वेली एकमेकींत पिळून जाड दोर करायचा, अशी रीत होती. दोर पिळायचा की नाही, हे वेलकरी ठरवी.

"आजोबा, हिच्यावर एक ओरखडासुद्धा नाही," पिंगी दुसरी वेल दाखवत म्हणाली.

वेलकऱ्याने डोळे मिटून वेलीवरून बोटं फिरवली. "ओरखडा नाही, खरं आहे. गाठही नाही."

"मी वापरलीच नाही. मला कधी मोह झाला नाही."

"ते तू सांगतेस, बाळ. वेल काहीच सांगत नाही." त्याने वेल जराशी वाकवली. आतून बारीक करकर ऐकू आली. "ही पिळली तर मध्यावर मोडेल. तू काहीतरी पकडशील. आई काय पकडेल?"

आईने तो हिवाळा बिळातच काढला. थंडी सरली तेव्हा तिच्या डोळ्यांवर पांढरट पडदा आला होता आणि लेक दारात उभी राहिली तरी तिला ती वासावरूनच कळे. आईने कधी तक्रार केली नाही. पिंगीला तेच सोसेना. ती लख्ख पुसलेली वेल दिसली की तिला स्वतःची लाज वाटे.

उन्हं तापू लागली तसा वेलकरी वाळक्या वेली तोडायला निघाला. पिंगी त्याला आडवी गेली. "हिला पाणी घालते. जगेल ना?"

"पाण्याने काही व्हायचं नाही. तुझ्या एकटीचा भार अजून पेलेल तिला. जा आणि ये."

"कशासाठी जाऊ? मुळ्या तर मी पहिल्या वेलीवरून आणतेच आहे."

"ज्या आणतेसच, त्यातली एखादी हिच्यावरून आण. जास्तीचं काही नको."

तेव्हापासून महिन्यातून एकदा पिंगी दुसऱ्या वेलीवरून जाई आणि आईसाठी एक मुळी घेऊन परत येई. तिच्याबरोबर शिकणारा झुबका नावाचा शेकरू यावर पोट धरून हसला. त्यालाही कोल्ह्याने वेल दिली होती. "एवढ्याशा मुळीसाठी एवढी दरी? वेल आहे तर भरून आणावं माणसानं," तो म्हणे, आपण माणूस नाही, हे बोलण्याच्या भरात तो नेहमी विसरत असे. तो गळ्यापर्यंत फळं लादून येई, कधी सावली टेकल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी. वेलकरी त्याला रागावला नाही. फक्त गाठ मारली नाही. पावसाळ्याच्या शेवटी झुबक्याच्या दोन्ही वेलींची साल लोंबत होती आणि तो अलीकडे बसून पलीकडची फळं पिकताना बघत होता. त्याला बघून पिंगीला हसू आलं नाही.

सहाव्या महिन्यात तिलाही उशीर झाला. मुळी खोल गेली होती, खणता खणता भान राहिलं नाही. वेलीच्या मध्यावर येते तो कड्याची सावली पाण्यापासून हातभरावर. तोंडातल्या मुळीने दम लागत होता. पिंगीने ती दरीत सोडून दिली आणि धावली. त्या महिन्यात आईला मुळी मिळाली नाही. गाठ मिळाली.

पुढची थंडी उतरायच्या आत ती वेलकऱ्यापुढे उभी राहिली. पहिल्या वेलीवरून त्याची बोटं भराभर गेली. दुसरीवर ती सावकाश फिरली.

"आठ," तो म्हणाला.

"आठच आहेत, आजोबा."

वेलकऱ्याने पुन्हा मोजल्या. वेल वाकवून कानाशी धरली. मग तो दोन्ही वेली एकमेकींत पिळू लागला.

आई पुढे होती, पिंगी तिला लागून मागे. वारा खालून वर येत होता आणि आईला दरी दिसत नव्हती, हे एका परीने बरंच होतं. मध्यावर आई थबकली.

"पायाला काहीतरी लागतंय गं."

"टोचतंय?"

"नाही." आईने पंजा पुढे करून दोरावर चाचपलं. "धरायला बरं पडतंय."

आईच्या पंजाला लागलेली गाठ पिंगीने नीट पकडली, त्या गाठीवर सगळा भार टाकला आणि पुढची शोधायला पाऊल उचललं.