भिवरा आणि बळकटीचा शब्द

एका राज्यात, जिथे ऊन चढले की तटाचे दगड हळूच जांभया देत, तिथे भिवरा नावाची एक गवंडीण राहत होती. तिचा नवरा काशिबा बैलांवर मीठ लादून परमुलखात विकायला जाई आणि पौर्णिमेच्या आत घरी परते. राज्याचा राजा धवलसेन. माणूस मनाने चांगला, पण शेजारच्या राजांच्या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

एके दिवशी सातासमुद्रापलीकडून एक जादूगार आला. त्याच्या खांद्यावर बोलका धनेश पक्षी होता आणि हातात काचेची कुपी. कुपीत एक इंग्रजी शब्द काजव्यासारखा लुकलुकत होता : फॉर्टिफाय.

"याचा अर्थ काय?" राजाने विचारले.

"बळकट कर," जादूगार म्हणाला.

राजाने अर्थ विचारला. वापरायचा कुठे, हे विचारायला त्याला सवड कुठली! तो कुपी घेऊन धावत सुटला आणि राज्यात जे सर्वांत बळकट होते, त्या तटालाच त्याने शब्द ऐकवला. तट शहारला. वेशीचे दरवाजे दगडात विरघळून गेले. त्या दिवसापासून तट रोज पहाटे हातभर जाड होऊ लागला. जादूगार ढग होऊन निघून गेला. धनेश तेवढा मागे उंबरावर राहिला.

काशिबा नेमका बाहेर अडकला होता. भिवरा रोज सकाळी तटाला कान लावी. पलीकडून तीन ठोके येत, थोडे थांबून पुन्हा तीन. तट वाढत गेला तसा आवाज बारीक होत गेला. एका सकाळी जेमतेम एकच ठोका ऐकू आला. भिवराचा जीव कासावीस झाला. ती तडक उंबराखाली गेली.

"पक्षीराज, हा शाप कसा सुटेल?"

"चला, कुणीतरी विचारलं एकदाचं!" धनेश म्हणाला. "मुळात मजबूत वस्तूवर वापरला, म्हणून शब्द रुसलाय. तीनदा योग्य जागी वापर, म्हणजे तो निवेल. चौथ्यांदा मात्र तो उमटणार नाही."

भिवराने जाऊन मागताच राजाने मान खाली घालून कुपी तिच्या हाती दिली.

धनेशला खांद्यावर घेऊन भिवरा आधी तलावावर गेली. वाढत्या तटाने तलावाचा बांध रेटला जात होता. ती बोटांच्या पेरांनी बांध ठोकत चालली. गवंड्यांची रीतच ती : भरीव जागा खणखणीत बोलते, पोकळ जागा बद्द बोलते. जिथे बद्द वाजले, तेवढ्याच वीतभर जागेवर तिने शब्द उच्चारला. बांध सावरला. माशांनी डोकी वर काढून तिला मुजरा केला आणि ते पुन्हा आपल्या कामाला लागले.

पुढे चौकीवर हैबती नावाचा म्हातारा पहारेकरी रडत बसला होता. "दारच राहिलं नाही, आता पहारा कसला द्यायचा?" तो म्हणाला.

"माणसाच्या मनाला हा शब्द चालतो का?" भिवराने विचारले.

"चालतो तर!" धनेश म्हणाला.

तिने म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवून शब्द उच्चारला. हैबतीने डोळे पुसले, पागोटे बांधले आणि असे शिंग फुंकले, की घराघरात दडून बसलेली माणसे बाहेर आली.

आता एकच वेळ उरली. राजा राज्यातला सर्वांत मोठा घण घेऊन आला. "हा बळकट कर. मी स्वतः तट फोडतो."

भिवराने घण हातात तोलून पाहिला. "महाराज, हा मुळातच बळकट आहे. तटाचं झालं तेच याचं होईल."

"मग शब्द वापरणार कशावर? चुकलीस तर आपण सगळे इथेच संपू!"

कशावर, ते तिलाही ठाऊक नव्हते. तिने तटाला कान लावला. बराच वेळ काहीच नाही. मग दगडाच्या पार आतून, मुंगीने पाऊल टाकावे तसा एक ठोका आला. एवढे दुबळे त्या राज्यात दुसरे काही नव्हते. भिवराने डोळे मिटले आणि त्या ठोक्यालाच शब्द ऐकवला.

पुढचा ठोका सगळ्यांना ऐकू आला. त्याच्या पुढच्याने मांडणीवरची भांडी नाचली. सातव्या ठोक्याला तट उकलला, जास्तीचे दगड धुके होऊन उडाले आणि वेशीचे दरवाजे जागच्या जागी उगवले. दारात काशिबा उभा होता. त्याची मूठ सुजून टम्म झाली होती.

"धनी, इतके दिवस ठोकत राहिलात?" भिवरा म्हणाली. "दार उघडत नाही, हे कळत नव्हतं का?"

"कळत होतं," काशिबा म्हणाला. "पण ठोकायचा थांबलो असतो, तर तुला वाटलं असतं मी गेलो."

भिवरा भर वेशीत हमसून हमसून रडली. तट पूर्वीएवढा झाला, राजा रात्रभर झोपू लागला, आणि कुपी रिकामी होऊन उन्हात चमकत राहिली. त्या दिवशी घरोघरच्या आमटीत काशिबाचे मीठ पडले. ज्यांनी ही कथा ऐकली, त्यांच्याही दारी कुणी ना कुणी ठोकणारे असो.