टप्प्याटप्प्यानं उतार

पठारावरच्या विमानतळाचे संचालक दाभाडेसाहेब म्हणजे हुकूम सोडण्यात पटाईत माणूस. उतरणारी विमानं टप्प्याटप्प्यानं खाली येत, मध्येच सपाट उडत आणि त्यासाठी इंजिनाचा जोर वाढवत. खालच्या प्रसूतिगृहातली तान्ही बाळं दचकून रडत. साहेबांनी काय करावं? प्रसूतिगृहच हलवायला सांगितलं!

नियंत्रण कक्षातल्या मृदुला सामंत म्हणाल्या, "साहेब, विमानं वरूनच सलग उतारानं आणू. आवाज कमी होईल, इंधनही वाचेल."

"टप्प्यांत शिस्त असते, बाई. मला शिकवू नका."

संध्याकाळी साहेबांची गाडी बिघडली, म्हणून मृदुलाबाईंनी त्यांना आपल्या गाडीत घेतलं. घाटात गाडी जरा उतरली की त्या ब्रेक दाबत आणि लगेच ॲक्सिलरेटर. इंजिन नुसतं कोकलत होतं.

"अहो, उतार आहे! पाय काढा, गाडी आपोआप उतरेल. पेट्रोल कशाला जाळताय? कान किटले माझे!"

"शिस्तीत उतरतेय, साहेब. तुमच्या विमानांसारखी, टप्प्याटप्प्यानं."

खाली प्रसूतिगृहाचे दिवे दिसू लागले, तसे साहेब हळूच म्हणाले, "उद्या वैमानिकांना बोलवा. त्या बाळंतिणींना कुठं हलवायचं नाही."